भागूआक्काचा उपास

सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार. त्या दोन दिवशी भागूआक्काचं पोट दुखायचं. वर पुन्हा संकष्टी, एकादशी, प्रदोष, नवरात्र आणि अख्खा श्रावण होताच. तेहतीस कोटी देवांचा माझ्या थोरल्या बहिणीइतका उपयोग कुणी करून घेतला नसेल.

तिचं सासर ओझरच्या अलीकडचं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं माझ्या दुकानावर भांडायला येतील, आणि मला भांडण आवरत नाही. त्या गावात तिला ‘उपासाची भागूबाई’ म्हणायचे. नवी सून घरात आली की आधी देवाच्या पाया पडायची आणि मग हिच्या. हळदीकुंकवाला तिला पाट मानाचा. एका पुढाऱ्यानं तर महिला दिनाला तिला शाल आणि नारळ दिला होता. शाल तिनं अंगावर घेतली, कारण तिला वैशाखातसुद्धा थंडी वाजायची. नारळ फोडून शेजारच्या पोरांना वाटला.

मी गोरख. ओतूरला एसटी स्टँडच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. जळकी तार कापायची, नवी तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायची, परत पाण्यावर पाठवायची. वीस वर्षं हेच करतोय. मोटार का जळली हे मी नुसत्या वासावरून सांगतो. सख्खी बहीण का जळत होती हे मला एवढ्या वर्षांत कळलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो की या गोष्टीत मी कुणी शहाणा माणूस नाही.

भागूआक्कासारखा स्वयंपाक आमच्या अख्ख्या भावकीत कुणाला जमायचा नाही. तिच्या हातची मासवडी खायला लोक निमित्त काढून यायचे. माणसं जेवायला बसली की ती समोर उकिडवी बसायची आणि प्रत्येकाच्या घासाकडं बघायची. "घे की रं अजून. एवढ्यानं काय व्हतंय?" तिचं स्वतःचं ताट मी कधी पाहिलं नाही. कधी फार आग्रह झाला तर चतकोर भाकरीचे ती जोंधळ्याएवढे तुकडे करायची, ते ताटात इकडून तिकडं सरकवायची, आणि पंगत उठली की मांजराचं साधायचं. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दादाभाऊंना, हे दिसत नव्हतं असं नाही. माणूस वाईट नाही. टोमॅटोत चार पैसे मिळाले की ते म्हणायचे, "तिच्या उपासाची पुण्याई हाय." बायको उपाशी राहिली की टोमॅटोला भाव येतो, हे गणित त्यांना पटलं होतं. मग ती जेवली तर त्यांचं नुकसानच.

एका भाऊबीजेला तिनं मला ओवाळायला हात वर केला आणि बांगड्या कोपराच्या वर सरकल्या. नीट बघतो तर हिरव्या बांगड्यांना दोऱ्याचे वेढे मारलेले. मी विचारलं, हे काय?

"निसटत्यात रं. सवाशिणीच्या हातातनं बांगडी पडू ने."

तिची मुलगी सृष्टी, चौदा वर्षांची, शेजारी ताम्हण धरून उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, मामा आता काहीतरी बोलेल म्हणून. मामानं ओवाळणी टाकली आणि लाडू खाल्ला.

त्या पुढच्याच संकष्टीला मी ओझरजवळ एका बागायतदाराची मोटार बसवायला गेलो होतो. म्हटलं आलोच आहे तर विघ्नहराचं दर्शन घेऊन जावं. देवळाच्या आवारात बायकांचा घोळका दिसला. आत घुसून बघतो तर भागूआक्का फरशीवर. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय झटकत होते. आणि बायकांनी तिच्या कपाळाला कुंकू फासलेलं, गळ्यात कुणाचा तरी हार घातलेला. "देवी आली, देवी आली," चाललं होतं. एक म्हातारी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होती, "आई, माज्या नातवाचं लगीन कवा जमल?"

मी त्या म्हातारीला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आक्काला उचललं. वीस एचपीच्या मोटारीचा रोटर मी एकटा उचलतो. ती त्याच्यापुढं काहीच नव्हती. मागून बायका ओरडत होत्या की अंगातलं उतरेपर्यंत हात लावू नये.

जवळच्या डॉक्टरनं सलाईन लावलं. वजन केलं, बत्तीस किलो. तो तरुण पोरगा होता, पण हुशार. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे पोटाचं दुखणं नाही. घोडेगावला महिन्यातून एकदा पुण्याहून डॉक्टर मोहिनी येतात, त्यांना दाखवा. मनाच्या डॉक्टर आहेत." दाजी तिथंच अडले. "मनाच्या म्हंजी येड्याच्या ना? गावात कळलं तर सृष्टीला कोन करल?" मी म्हटलं, गावाला सांगायचं तहसीलमध्ये दाखला काढायला चाललोय. दाखल्यासाठी चार हेलपाटे मारावे लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टर मोहिनी पन्नाशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी आक्काला विचारलं, "भूक लागते का तुम्हाला?"

आक्का हसली. "न्हाई बा. मला कवाच लागत न्हाई." शेजारीण जसं सांगते ना, आमच्या पोराला कधी सर्दी होत नाही, तशा तोऱ्यात सांगितलं.

मग डॉक्टरांनी तिला आमच्याबरोबर आलेल्या सृष्टीजवळ बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "लहानपणी त्या कुणाजवळ होत्या? पहिली पाच-सहा वर्षं?"

मला राग आला. म्हटलं बाई बेचाळीस वर्षांची आहे, तिच्या लहानपणाचं काय घेऊन बसलात? पण त्या गप्प बसून राहिल्या. गप्प बसणाऱ्या माणसापुढं मला बोलावंच लागतं.

आम्ही मेंढरंवाले. माझे वडील, नवसूआबा, दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेजनं कोकणात उतरायचे आणि मिरगाच्या आधी वर यायचे. सात महिने पायी. सामान वाहायला एक घोडं. घोड्यावर भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती झालेली कोकरं, आणि त्या सगळ्याच्या वर बांधून एक मूल. एकच मूल बसायचं. तीन वर्षं तिथं भागूआक्का बसली. चौथ्या वर्षी मी जन्मलो. मी अंगावर पीत होतो, मला ठेवून जाता येत नव्हतं. मग तिला चुलतीकडं ठेवलं, सोनीबाईकडं. सात महिने. पुढच्या दिवाळीला परत सात महिने. असं ती दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत.

सोनीबाईची स्वतःची चार पोरं, जमीन कोरडवाहू, नवरा दारूडा. तिनं भागूला कधी मारलं नाही. तिचा एकच कायदा होता. भाकरीचं टोपलं वर शिंक्यात टांगलेलं असायचं, आणि जे पोर ‘भूक लागली’ म्हणेल त्याला सगळ्यात शेवटी मिळायचं. शेवटी कधी असायचं, कधी नसायचं. आपल्या पोरांना कायदा लागू करताना चुलतीचा हात ढिला पडायचा, भागूला करताना पडायचा नाही. चार वर्षांच्या पोरीनं दोन-तीन वेळा भूक लागली म्हणून बघितलं असेल. मग ती म्हणायची थांबली. न म्हणणारीला भाकरी मिळायची, आणि वर शाबासकी. "भागू लई गुणाची. मागत न्हाई." आई सांगायची, पहिल्या खेपेला आम्ही कोकणातून परत आलो तेव्हा पोरगी आईच्या जवळ आलीच नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाऊन बसली. आईनं भाकरी पुढं केली तर म्हणाली, मला नको, मला भूक नाही. आणि आई मोठ्या कौतुकानं सांगायची की एवढीशी पोर, पण किती समजूतदार.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही मोटारीचं काम करता, तुम्हाला पटकन समजेल. भूक, भीती आणि बरं वाटणं, तिन्हीची मेंदूत वेगवेगळी वायरिंग असते, पण आतून एकमेकींना जोडलेली. लहानपणी त्या जोडण्या पक्क्या होत असतात. त्या वयात मूल सतत धास्तावलेलं राहिलं तर काहींच्या जोडण्या वेगळ्या बसतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. तुम्ही-आम्ही ताट बघितलं की बरं वाटतं. यांना ताट बघितलं की धोका वाटतो. उपाशी राहिलं की सुटल्यासारखं वाटतं. त्या हट्टीपणा करत नाहीत. देवभक्तीही नाही ही."

मी म्हटलं, "म्हणजे वाइंडिंग चुकलंय."

"चुकलं नाही. त्या घरात जगायला तेच बरोबर होतं. ते घर मागं राहिलं, वाइंडिंग बरोबर आलं."

"आम्ही जुनी तार कापून टाकतो आणि नवी भरतो."

"इथं कापता येत नाही," त्या म्हणाल्या. "मोटार चालू ठेवून एकेक वेढा बदलायचा. वर्ष लागेल, दोन लागतील. आणि एक गोष्ट नीट ऐका. एवढ्या उपाशी माणसाला एकदम जेवायला घालायचं नाही. दवाखान्यात ठेवून, रक्त तपासत, चमच्या-चमच्यानं वाढवायचं." त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं, मराठीत. पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता खाली होता. मी कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

परत येताना गाडीत मी आक्काला सोनीबाईचं विचारलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"सोनीकाकी वाईट नव्हती रं. तिलाच कुठं पुरत व्हतं." मग म्हणाली, "उपाशी असलं का लई निवांत वाटतं. कुनाचं काय घ्यावं लागत न्हाई." घाट संपल्यावर स्वतःहून आणखी एक बोलली. "तू घोड्यावर व्हतास. डोक्यात टकुचं घातल्यालं. म्या पार वेशीपातूर पळत आल्ते. तू मागं वळून हसलास." मी वर्षाचाही नव्हतो. मी कशाला हसलो असेन? पण ती माझ्यावर रागावली नव्हती, तेच मला सोसेना. मी खोकला आल्याचं नाटक केलं आणि गाडी चालवत राहिलो.

पुण्याला न्यायला दाजी तयार नव्हते, तिच्या सासूबाई प्रयागबाई तयार नव्हत्या आणि ती स्वतः तर नव्हतीच. मी भांडायला हवं होतं. सगळ्या तालुक्याशी भांडणारा मी, इथं भांडलो नाही. मला वाटलं मी त्या डॉक्टरीणबाईपेक्षा हुशार आहे. व्रतानं अडकलेलं आहे ना, मग व्रतानंच सोडवू. व्रत घेणाऱ्या बाईला उद्यापनाच्या दिवशी प्रसाद खावाच लागतो. नाही म्हटलं तर सगळं केलेलं वाया जातं. आक्का आजवर यातून कशी निसटायची, तर एका व्रताचं उद्यापन व्हायच्या आत दुसऱ्याचा संकल्प सोडायची. मी तिच्या गावच्या भटजींना गाठलं. त्यांना खरं काय ते सांगितलं. भला माणूस, त्यांनी ऐकलं. आमचं ठरलं की सगळ्या व्रतांचं एकदम उद्यापन करायचं, पुढं वर्षभर नवा संकल्प नाही, आणि त्या दिवशी पानात पडेल ते टाकायचं नाही, असं शास्त्र सांगायचं. असलं शास्त्र कुठंच नाही. मी दुकानात बसून रचलं होतं. मला माझा फार अभिमान वाटला.

डॉक्टरांचा कागद आठवला नाही असं नाही. कपाटात वार्निशच्या डब्याखाली होता. पण मी म्हटलं, चमच्या-चमच्यानं वगैरे पुण्याच्या नाजूक बायकांना. खाऊन कधी कोण मेलंय?

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार धरला. मांडव घातला, दोनशे माणूस. पुरणपोळी, खीर, मोदक, कटाची आमटी. भटजींनी स्पीकरवर ठणकावून सांगितलं की या माउलीनं आज प्रत्येकाच्या हातचा घास घेतला पाहिजे, तेव्हा फळ मिळेल. आक्का पाटावर बसली होती, नवं लुगडं अंगावर, खांद्यावर शाल. तिच्या चेहऱ्याकडं मी बघितलं. बोकड सुरीकडं जसं बघतो तसं ती त्या पानाकडं बघत होती. मला वाटलं होईल सवय.

नवसूआबा एका खांबाला टेकून बसले होते. ऐंशी पार केलेली, नजर गेलेली. त्यांनी तिच्या हाताला हात लावला, दंड चाचपला, पाठीवरून हात फिरवला, मेंढरू चाचपतात तसा. मग मला जवळ बोलावलं. "गोरख, दुष्काळातनं आल्यालं मेंढरू पयल्या दिशी हिरव्यात घालत न्हाईत. चार दिस सुकं द्यायचं, मंग मूठ मूठ हिरवं. न्हाईतर मरतंय."

आजूबाजूचे हसले. दाजी म्हणाले, "आबा, ती काय मेंढरू हाय का?" मीही हसलो. डॉक्टरीण बोलली ते कागदावर होतं, बाप बोलला ते कानावर पडलं. दोन्ही एकच होतं. आणि मी हसलो.

पहिला घास मी दिला. पुरणपोळीचा, तुपात बुडवलेला. म्हटलं, "आक्का, माझ्यासाठी." तिनं तोंड उघडलं. चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मग दाजींनी दिला, सृष्टीनं दिला, मग बायकांची रांग लागली. आणि तिसाव्या-चाळिसाव्या घासाला काहीतरी झालं. आक्कानं स्वतः हात पुढं केला. पोळी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. खिरीची वाटी तोंडाला लावली. हनुवटीवरून ओघळ येत होते, तिला भान नव्हतं. चाळीस वर्षं शिंक्यात टांगलेलं टोपलं कुणीतरी खाली काढलं होतं. मी मांडवामागं जाऊन रडलो. आनंदानं रडलो, हे मुद्दाम सांगतो.

पुढचे तीन दिवस ती खात होती. दाजींचा रोज फोन यायचा. "आज शिरा खाल्ला. आज दोन पोळ्या आन् गूळ." दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले, मग चेहरा. शेजारणी म्हणाल्या, बघा, अंग धरलं, गालावर कशी आली भागूबाई. बांगड्यांचा दोरा काढून टाकावा लागला, तेव्हा घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला, तर प्रयागबाई म्हणाल्या, खायची सवय न्हाई, जड व्हतंय. चौथ्या दिवशी सकाळी नऊला ती चुलीपुढं सृष्टीच्या डब्याची भाकरी थापत होती. भाकरी तव्यात टाकली आणि तिथंच आडवी झाली. मी पोचलो तेव्हा तवा उतरवायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. घरभर जळका वास होता. वासावरून मी सगळं सांगतो म्हणालो होतो ना, तो वास अजून नाकातून जात नाही.

डॉक्टर मोहिनींना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की फार दिवस उपाशी असलेल्या अंगात एकदम गोडधोड गेलं की रक्तातले क्षार झपाट्यानं उतरतात, सूज येते, हृदय बंद पडू शकतं. "म्हणूनच मी लिहून दिलं होतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, हो, लिहून दिलं होतं.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, व्रत पुरं केलं आणि देवानं नेलं. ‘व्रत पुरं करून गेली’ असा फ्लेक्स वेशीवर लागला, त्यात आक्काचा महिला दिनाचा शाल घेतलेला फोटो. तिसऱ्या दिवसापासून बायका सृष्टीला सांगायला लागल्या की आईचे सोमवार तू धर, तेवढंच तिच्या आत्म्याला बरं वाटेल. पोरगी मान खाली घालून ऐकायची. तिच्या पुढचं ताट मी दोनदा तसंच परत जाताना पाहिलं. "लेक आईच्या वळणावर गेली," कुणीतरी म्हणालं, आणि ते कौतुकानं म्हणालं.

दशक्रिया नदीवर झाली. आमच्याकडं दशक्रियेला सभा भरते, तशी भरली. आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. ज्यानं शाल दिली होती तो म्हणाला की अशा माउलीमुळं हा तालुका पुण्यवान आहे. मग पिंड ठेवला. नैवेद्याचं पान मांडताना भटजींनी विचारलं, "बाईंच्या आवडीचं काय होतं? ते ठेवा पानात."

दाजींनी प्रयागबाईंकडं बघितलं, प्रयागबाईंनी माझ्याकडं. एवढी माणसं नदीकाठी उभी, आणि तिला खायला काय आवडायचं हे एकालाही माहीत नव्हतं. ती मासवडी कशी करायची ते सगळ्यांना माहीत. शेवटी नवसूआबा म्हणाले, "मेंढीच्या दुधात भाकरी कुस्करल्याली खायची. घोड्यावर बसून." ती तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आता मेंढीचं दूध कुठून आणणार? म्हशीचं घातलं.

कावळा येईना. झाडावर सात-आठ होते, पण खाली एक उतरेना. दाजी पुढं झाले, म्हणाले पोरीचं नीट करीन. नाही. प्रयागबाईंनी हात जोडले, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणाल्या. नाही. मग मी पिंडाजवळ गेलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "आक्का, पुढच्या खेपेला घोड्यावर तू बस. मी मागं राहतो." कावळे हलले नाहीत. असल्या बोलण्यानं कावळे येत असते तर काय पाहिजे होतं.

मागून एका बाईचा आवाज आला. "बघा. मेल्यावरबी घास घेतला न्हाई. खरी व्रताची." तिच्या आजूबाजूच्या माना हलल्या. एकीनं पिंडाला हात जोडले. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मोकळे झाले. मला कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती, पण ज्याला मारायची तो माणूस मीच होतो.

तेवढ्यात सृष्टीनं माझा शर्ट ओढला. हळू बोलायला गेली असेल, पण सभा संपून सगळे गप्प उभे होते, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"मामा, मला भूक लागलीय."

बायका वळून बघायला लागल्या. प्रयागबाई दातओठ खात म्हणाल्या, "आजच्या दिशी तरी गप ऱ्हा गं. आईचं दहावं हाय तुज्या."

पोरगी आकसली. खांदे आत गेले, नजर खाली गेली. कोंबड्यांच्या खुराड्यामागं बसलेली चार वर्षांची पोर मी कधी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. मी तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधून चालायला लागलो. दाजींनी हाक मारली, जेवणं व्हायचीत म्हणाले. मी थांबलो नाही. कुणाच्या पुण्याईत खंड पडला असेल तर त्यानं माझ्या दुकानावर यावं.

ओतूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. मिसळ मागवली. ती पहिल्यांदा नुसती बघत राहिली, मग खायला लागली. मी म्हटलं, "सावकाश खा. कुनी घेऊन जात न्हाई." ती सावकाश खात होती. मी तिच्या घासाकडं बघायचं टाळलं, भिंतीवरच्या एसटीच्या वेळापत्रकाकडं बघत बसलो. प्लेट संपली. तिनं रस्सा पावानं पुसून घेतला, मग माझ्याकडं न बघता बोटानं टेबलावरचं पाणी पसरवत बसली.

"मामा," ती म्हणाली, "अजून एक पाव मागू?"

"माग," मी म्हटलं. "मोठ्यानं माग."